ओरिजिनल ऑडिओ

गेल्या पावसाळ्यात भाच्यानं मला एक रील पाठवली. सांगलीचीच. आयर्विन पुलाखालून चहाच्या रंगाचं पाणी चाललंय, घाटाच्या पायऱ्या कधीच्या बुडाल्यात आणि पुलाच्या कठड्याला टेकून माणसं पाणी बघायला उभी आहेत. आमच्याकडं पावसाळ्यात 'पाणी बघायला जाणं' हा एक कार्यक्रमच असतो. छत्री, भाजलेलं कणीस आणि 'कोयनेतनं किती सोडलंय?' हा प्रश्न एवढं घेऊन गेलं की तास-दीड तास कुठं जातो कळत नाही. रील जेमतेम वीस सेकंदांची. पण तिच्या मागं जो ड्रम वाजत होता, त्यापायी मी निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली आणि ती पाच-सहा वेळा लावली. जड, ओला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा ड्रम. हा ठोका मी झोपेतही ओळखेन. खाली जिथं गाण्याचं नाव येतं तिथं भाच्याचं नाव होतं आणि त्यापुढं दोन शब्द : ओरिजिनल ऑडिओ.

फोन लावला. "हे म्युझिक कुठनं घेतलंस रे?"

"ट्रेंडिंगला आहे की, आत्या. कुणाच्या तरी रीलमधनं उचललं. मी फक्त थोडं स्लो केलंय. कसलं भारी वाटतंय न्हवं?"

भारी वाटत होतंच. "अरे, पण हे..." म्हणून मी तोंड उघडलं आणि थांबले. हे कुणाचं आहे ते सांगायचं होतं. पण सांगू कुणाचं? पहिलं नाव जिभेवर आलं, त्याच्यामागं दुसरं, दुसऱ्यामागं तिसरं. शेवटी "बरं झालंय" म्हणाले आणि फोन ठेवला. मेथी परत ओढली. पण ते डोक्यातून काही गेलं नाही.

पुण्यात शिकायला होते, त्या दिवसांत हॉस्टेलवरच्या एका सीनिअरनं मला लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा चौथा अल्बम एका कॅसेटवर भरून दिला होता. कॅसेट माझीच, घरून आणलेली, नाट्यपदांची. सांगलीचं पोर म्हणजे नाट्यपदं असायचीच. तिच्यावरच तिनं भरलं. अल्बम साधारण बेचाळीस मिनिटांचा आणि कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. त्यामुळं शेवटचं गाणं विरत गेलं की एक खट्ट आवाज व्हायचा आणि आधीच्या रेकॉर्डिंगमधली तानेची शेपटी उरलेली ऐकू यायची, ऑर्गनसकट. ते शेवटचं गाणं म्हणजे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. सात मिनिटांचं. शब्द मला तेव्हा निम्मेही कळले नव्हते. कळला तो ड्रम, आणि त्याच्यावर पसरलेली ती तोंडानं वाजवायच्या बाजाची, हार्मोनिकाची, हंबरल्यासारखी लकेर. रात्री दिवे घालवून हेडफोनवर ऐकलं की खोलीत पाणी शिरतंय असं वाटायचं. हे मी उगाच आता जोडत नाहीये. पाण्याचं गाणं आहे हे ठाऊक नसतानाच तसं वाटायचं.

तो आवाज कसा निघाला हे पुष्कळ नंतर वाचलं. इंग्लंडात हॅम्पशरमध्ये हेडली ग्रेंज नावाची एक जुनी दगडी वास्तू आहे, 1795 साली बांधलेली, निराधार गरिबांना ठेवून घेऊन त्यांच्याकडून काम करवून घ्यायची जागा. तिथं 1970-71 च्या हिवाळ्यात झेपेलिनची मंडळी मुक्कामाला होती आणि रेकॉर्डिंगची यंत्रं बाहेर उभ्या केलेल्या गाडीत होती. ड्रमचा नवा संच दिवाणखान्यात न नेता दाराशीच, जिन्याच्या पायथ्याशी मांडला. जिना मधोमध पोकळ, तीन मजले उंच. अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकानं वरच्या मजल्याच्या कठड्यावरून दोन माइक खाली सोडले. बस्स. ड्रमच्या तोंडाशी माइक नाही, काही नाही. त्यांचा ड्रमर जॉन बॉनम यानं खाली बसून ठोका धरला, तो जिन्याच्या पोकळीत वर चढला आणि वर लोंबकळणाऱ्या त्या दोन माइकनी जो पकडला तोच आपण ऐकतो. त्यातही नंतर प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढला आणि अख्खी टेपच जरा मंद गतीनं चालवली. म्हणजे भाच्यानं जे 'थोडं स्लो' केलं होतं, ते आधीच स्लो केलेलं होतं.

वाड्याच्या जिन्यात लहानपणी आम्ही ओरडून बघायचो, त्यातलाच हा प्रकार. फक्त त्यांच्याकडं माइक होते.

त्याच सुमाराला केबलवर 'रिटर्न टू इनोसन्स' सतत लागायचं. एनिग्माचं. उलटा चालणारा व्हिडिओ, झाडावर परत चढणारी फळं आणि तो कुठल्याशा डोंगरातून आल्यासारखा म्हाताऱ्या माणसाचा गळा. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांना त्या गाण्यानं उगाचच रडू यायचं. त्याच्या खालचा ठोका तोच आहे, हेडली ग्रेंजच्या जिन्यातला, हे मला कळायला पंधरा वर्षं लागली. आणि वरचा तो गळा तैवानच्या आमिस जमातीतल्या डिफांग नावाच्या म्हाताऱ्याचा. सोबत त्याची बायको इगाय. पॅरिसला एका कार्यक्रमात ते गायले होते, तिथलं रेकॉर्डिंग फिरत फिरत या गाण्यात जाऊन बसलं. गाणं जगभर वाजलं तेव्हा त्यावर त्या दोघांचं नाव नव्हतं. ते कोर्टात गेले, 1999 साली तडजोड झाली. एका गाण्यात वरचा मजला एकाचा, जोतं दुसऱ्याचं आणि पाटी तिसऱ्याची. बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप बँडनं तोच ठोका 1986 साली आपल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात वापरला होता. त्या गाण्याच्या नावातच 'चोरी' हा शब्द आहे. निदान प्रामाणिकपणा तरी. आइसलंडच्या ब्योर्क या गायिकेनं 1995 मध्ये घेतला. आणखी कितीजणांनी घेतला याची मोजदाद मी सोडून दिली. पंचवीस-तीस वर्षांत तो ठोका सार्वजनिक नळासारखा झाला. कुणीही यावं, घागर भरून न्यावी.

तर माझा भाचा त्या रांगेत जरा उशिरा आला, इतकंच.

पण मला अडवलं ते हे नव्हतं. मला अडवलं ते त्याच्याही मागचं रेकॉर्डिंग. ते मी पहिल्यांदा ऐकलं ते 2005 नंतर, आणि त्याला कारण आमचा पूर. 2005 साली जुलैच्या अखेरीला पाणी गावभागात शिरलं. आमच्या घरात तळमजल्यावर कमरेएवढं. माझं सगळं जुनं सामान जिन्याखालच्या कपाटात होतं, त्यात कॅसेटचा पुठ्ठ्याचा डबा. पाणी उतरल्यावर मी पुण्याहून गेले तर आईनं सगळ्या कॅसेटी धुऊन, फिती बाहेर ओढून वाळवणाच्या दोरीवर चिमट्यांनी लावून ठेवलेल्या. मला हसावं का रडावं कळेना. लांबच लांब तपकिरी फिती, वाऱ्यावर हलताहेत, त्यांच्यावर गाळाचे ठिपके आणि खाली भिजलेल्या गव्हाची रास, तिचा तो आंबूस वास. आई म्हणाली, "वाळल्यावर गुंडाळ की परत." त्या दोरीवर झेपेलिनही होतं आणि त्याच्या खालची नाट्यपदंही. कुठली फीत कुठली ते आता देवालाही ठाऊक नसणार.

त्यानंतर महिनाभरातच, 29 ऑगस्टला, अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं आणि टीव्हीवर न्यू ऑर्लिन्स दिसायला लागलं. छपरांवर बसलेली माणसं. बहुतेक सगळी काळी. निवेदक सारखं 'लेव्ही' म्हणत होते, लेव्ही फुटल्या, लेव्ही फुटल्या, आणि माझ्या डोक्यात तो ड्रम सुरू झाला. म्हटलं, अरे, म्हणजे हे ते आहे होय. मग शोधत गेले. गाणं झेपेलिनचं नाहीच. 18 जून 1929 ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीसाठी एका नवराबायकोनं ते रेकॉर्ड केलं : कॅन्सस जो आणि मेम्फिस मिनी.

लावलं. आणि चक्क निराशा झाली.

कारण मला वाटलं होतं झेपेलिनची ही अवस्था तर मूळ गाणं किती भयंकर असेल. तर तसलं काहीच नाही. दोन गिटारी, बस. एक मागं इमानेइतबारे चालत राहणारी आणि दुसरी तिच्या पुढंमागं झुळझुळ पळणारी. सकाळी अंगण झाडून झाल्यावर बाई ज्या चालीनं घरात येते तसली लय. त्यावर एक पुरुष, आवाज न चढवता, शेजाऱ्याला सांगावं तसं सांगतोय : पाऊस असाच राहिला तर बांध फुटणार. हीच ओळ परत. मग : पाणी येणार, आणि राहायला जागा उरणार नाही. ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याची, रीतच ही, ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. मला वाटतं, दुसऱ्यांदा म्हणताना माणूस पुढची ओळ शोधत असतो, किंवा ती म्हणायला धजत नसतो. चौथ्या-पाचव्या वेळी ऐकताना मला तो शांतपणा अंगावर यायला लागला. आमच्याकडंही खरं पाणी चढत असतं तेव्हा आरडाओरडा नसतो. दादा त्या रात्री दर तासाला फोन करायचा आणि याच स्वरात सांगायचा, "मारुती चौकात आलंय. बघू." अर्ध्या तासानं, "गटारीतनं उलटं यायलंय. बघू."

'लेव्ही'ला मराठीत काय म्हणायचं यावर मी बराच वेळ घालवलाय. धरण नव्हे, बंधारा नव्हे. ते दोन्ही नदीला आडवे. ही नदीच्या कडेनं, तिच्या बरोबर मैलोन्‌मैल चालणारी मातीची भिंत. बांधच म्हणायला हवं. पण आपल्याकडं शेतातला बांध कोरला जातो, त्यावरून भावाभावांत फौजदारी होते, आणि तो 'फुटतो' म्हणून आपण म्हणतो ते बहुतेक वेळा रडण्याबद्दल. दुःखाचा बांध फुटला. गंमत अशी की त्या गाण्यात एक कडवं आहे, ज्यात तो म्हणतो : रडून काही व्हायचं नाही, देवाची करुणा भाकूनही व्हायचं नाही. तिथं फुटणारा बांध खरोखर मातीचा आहे.

आणि तो ज्यानं रचला, तोच हे गातोय. एक कडवं तसंही आहे. मी रात्रंदिवस बांधावर राबलो, पाणी अडवायला माझ्यामागं कुणी नाही. या ओळीचा अर्थ कळायला 1927 चा महापूर माहीत असावा लागतो. मिसिसिपी नदीचे बांध घालायचं, वाढवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मजुरांचं, खेचरं आणि खोरी घेऊन. 1926 च्या उन्हाळ्यानंतर पाऊस थांबलाच नाही. पुढच्या वसंतात नदी अशी फुगली की बांधाच्या वर वाळूची पोती रचायला बंदुकीच्या धाकानं माणसं उभी केली. 21 एप्रिल 1927 ला सकाळी ग्रीनव्हिल या नदीकाठच्या गावाच्या वरच्या बाजूला माउंड्स लँडिंगपाशी बांध गेला. पोती रचणारे मजूर त्यावरच होते. किती वाहून गेले याचा नीट आकडा कुणी ठेवला नाही. एकूण पुरात 27,000 चौरस मैल मुलूख पाण्याखाली गेला, सहा लाखांवर माणसं बेघर झाली. ग्रीनव्हिलमध्ये हजारो काळी कुटुंबं जाऊन बसली ती त्याच बांधाच्या माथ्यावर, कारण कोरडी जमीन म्हणून तेवढीच उरली होती. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला बुडालेलं गाव, मधे आठ-दहा फुटांची माती. बोटी आल्या, त्यांतून गोऱ्यांना हलवलं. काळ्यांना नेलं नाही. मळेवाल्यांना धास्ती होती की एकदा गेलेला मजूर परत यायचा नाही आणि मग कापूस कोण वेचणार. रेशन हवं तर अंगावर चिठ्ठी लटकवायची, कुठल्या मळ्याचा आणि काम करतो की नाही ते लिहिलेली. धास्ती खोटी नव्हती म्हणा. पाणी ओसरल्यावर पुष्कळ जण उत्तरेला गेलेच, शिकागोला, डेट्रॉइटला.

याच पुरात न्यू ऑर्लिन्स वाचवायचं म्हणून शहराच्या खालच्या अंगाला कार्नार्व्हनपाशी बांध सुरुंग लावून मुद्दाम उडवला आणि दोन परगणे पाण्याखाली घातले. तिथल्या लोकांना भरपाईची वचनं दिली, हातात फारच थोडं पडलं. म्हणून 2005 साली तिथल्या कित्येकांना अगदी मनापासून वाटत होतं की या वेळीही कुणीतरी आमच्याच बाजूचा बांध उडवला. तज्ज्ञ सांगत होते तसं नाही, भिंतीच कच्च्या होत्या. पण मला ते वाटणं फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडं 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर हाच वाद. वरनं उशिरा सोडलं, एकदम सोडलं, खाली अलमट्टीनं अडवलं. नदीकाठच्या माणसाला पूर हा कधीच नुसता पाऊस वाटत नाही. त्याच्यामागं कुठंतरी दार उघडणारा हात असतो. माझ्या सासूबाई पुण्याच्या. त्यांच्या बोलण्यात अजून 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' असे दोन काळ आहेत. धरण फुटलं त्याच्या आदल्या रात्री जवान पोती रचत होते हे त्या सांगतात आणि मग गप्प होतात.

तर नावं.

कॅन्सस जो कॅन्ससचा नव्हता. मिसिसिपीतल्या रेमंड गावचा जो मकॉय. मेम्फिस मिनीचं नाव मिनी नव्हतं. लिझी डग्लस, घरी 'किड' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचं 'बाळी'. लहानपणीच गिटार घेऊन घरातून पळून मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर वाजवायला जायची, पैसे संपले की परत. असं सांगतात की न्हाव्याच्या दुकानात चिल्लरीसाठी वाजवताना कोलंबियाच्या माणसानं या दोघांना हेरलं, आणि ही नावंही कंपनीनंच चिकटवली. तिच्या वहिनीच्या आठवणीप्रमाणं 1927 ला बांध फुटला तेव्हा मिनी घरच्यांबरोबर वॉल्स गावाजवळ, मेम्फिसच्या दक्षिणेला होती. म्हणजे पाणी बहुधा तिचं. रेकॉर्डवर गळा जोचा. आणि ती पुढं पळणारी झुळझुळ गिटार मिनीची. त्या काळी बायकांनी गावं, पियानोशी उभं राहावं, एवढं ठीक होतं. नवऱ्यापेक्षा सरस गिटार वाजवणारी बाई म्हणजे अप्रूपच. चार-सहा वर्षांत दोघं वेगळी झाली. जोनं शिकागोत नवा वाद्यवृंद काढला, त्यातलं एक गाणं शब्द बदलून पुढं पेगी ली या गायिकेनं गायलं आणि अमेरिकाभर गाजलं. तो 1950 साली गेला, पंचेचाळिशीही गाठली नाही.

मिनीचं एक चित्र माझ्या फार आवडीचं आहे. 1942 ची शेवटची रात्र, शिकागोतला एक बार. कवी लँग्स्टन ह्यूज तिथं होता, त्यानं वर्तमानपत्रात लिहून ठेवलंय. दाटीवाटीच्या त्या जागेत मिनी बसली होती बर्फाच्या कपाटावर, म्हणजे फ्रीजवर. नीटनेटका पोशाख, चष्मा, दिसायला एखादी कडक शाळामास्तरीण. आणि हातात विजेवरची गिटार, आवाज असा की लोखंडाचा कारखाना चालू आहे. या बाईला आपण 'मूळ, साध्या, गावरान' वगैरे खात्यात टाकतो. ती झेपेलिनच्या तीस वर्षं आधी भिंती हादरवत होती!

झेपेलिनच्या अल्बमवर या गाण्याखाली पाच नावं आहेत. चौघांची स्वतःची आणि मेम्फिस मिनी. ही त्यांच्यापुरती सुधारणाच म्हणायची, कारण एरवी जुन्या ब्लूजवाल्यांच्या ओळी घेऊन नाव न देण्याची त्यांना सवय होती. विली डिक्सन या ब्लूजवाल्यानं 1985 मध्ये दावा लावला तेव्हा कोर्टाबाहेर मिटवावं लागलं. इथं नाव दिलं, पण ज्यानं गायलं त्या जोचं गाळलं. गळा वगळला, गिटार ठेवली. त्यांनी शब्दही हलवले, शिकागोला निघण्याच्या ओळी घातल्या, ज्या जोच्या गाण्यात नाहीत. पण 1927 नंतर लोक गेले तिकडंच, त्यामुळं हे त्यांना चोरून सापडलेलं खरं आहे. मला त्यांचा राग येत नाही, हे कबूल करते. मला तो ड्रम नसता मिळाला तर मिनी कधीच मिळाली नसती. राग येत नाही याचा मात्र कधीकधी येतो. पुढं 2006 मध्ये, कॅटरिनाला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, गायक बॉब डिलनचा अल्बम आला. त्यात हेच गाणं नव्या कडव्यांनी, उड्या मारत जाणाऱ्या चालीवर. तिथं नाव एकट्या डिलनचं. लोककलेच्या नावाखाली मोठी माणसं पुष्कळ काही खपवतात.

1971 च्या नोव्हेंबरात झेपेलिनचा अल्बम आला तेव्हा मिनी जिवंत होती. पक्षाघातानं लुळी पडलेली, मेम्फिसच्या एका शुश्रूषागृहात. 1973 च्या ऑगस्टमध्ये गेली. वॉल्समध्ये पुरली. दगड बसला 1996 साली, त्याचे पैसे बॉनी रेट या गायिकेनं दिले. तेवीस वर्षं त्या जागेवर नाव नव्हतं.

जाता जाता आपलीही एक गोष्ट. अल्बम आल्यानंतरच्या वर्षी, 1972 च्या ऑक्टोबरात, झेपेलिनचे गिटारवाला पेज आणि गायक प्लांट मुंबईत उतरले होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोत वाजवूनही गेले. स्टुडिओत इथले वादक बसवून त्यांनी स्वतःची दोन गाणी तबला-सारंगीसकट करून पाहिली, त्यांतलं एक याच चौथ्या अल्बममधलं. चाळीसहून जास्त वर्षं ती फीत पडून होती. 2015 मध्ये अधिकृतपणे निघाली, आणि वर लिहिलंय : बॉम्बे ऑर्केस्ट्रा. झालं. सारंगी कुणाची, तबला कुणाचा, गिरगावातला होता की माहीमचा, परत जाताना त्यानं कुठली लोकल धरली... बॉम्बे ऑर्केस्ट्रा.

दिवाळीला सांगलीला गेले तेव्हा भाच्याला बसवून जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. पहिल्या पंधरा सेकंदांतला चर्रर्र आवाज ऐकून तो म्हणाला, "हे खराब आहे का?" मग जरा वेळानं मान हलवायला लागला. "आत्या, हे तर नाचायचं गाणं आहे की." मी गिटार बाईची आहे म्हटल्यावर परत मागं नेऊन ऐकलं. पुराच्या रीलवर चढवून बघू म्हणाला, चढवलं, पाहिलं आणि काढून टाकलं. "पाणी हळू वाटायलंय हेच्यावर." मी काही बोलले नाही. आई आतून म्हणाली, "कोण गातंय रे? बरं गातोय."

घरात रंगकाम नुकतंच आटोपलं होतं. जिन्याशेजारच्या भिंतीवर बाबांनी पेन्सिलनं दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. खालची 2005 ची, तिच्या बऱ्याच वर 2019 ची, दोन्हीपुढं तारीख, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात. बाबा 2021 ला गेले. रंगाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं दोन हात मारून भिंत स्वच्छ करून दिली. दादाला आधी ते लक्षातच आलं नव्हतं. आईच्या आलं होतं, पण ती बोलली नव्हती.

भाऊबिजेच्या दुपारी आई पेन्सिल घेऊन तिथं उभी राहिली. पाठ भिंतीला लावली, कमरेवर हात ठेवला, बोट तसंच भिंतीवर नेलं. "2005 चं इथंवर." भाच्यानं पट्टी धरली, आईनं रेघ मारली. हात थरथरतो तिचा आता, रेघ मधे जरा खाली गेली. 2019 च्या रेघेला स्टूल लागलं. स्टुलावर चढून ती बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली.

"आजी, अजून वर होती," भाचा म्हणाला. "मोबाइलमधे फोटो असंल बघ."

"गप. मला म्हाईत आहे," आई म्हणाली, आणि पेन्सिल टेकवली.